बोरघाटातील गुत्ता

मद्यपानाच्या सार्वजनिक जागेस मराठीत जी नावे आहेत, त्यांत 'गुत्ता' हे नाव सर्वांत प्रामाणिक म्हटले पाहिजे. 'भट्टी' म्हटले की दारू गाळण्याची क्रिया डोळ्यांपुढे येते. 'गुत्ता' ह्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र मक्ता, ठरीव रकमेस घेतलेला ठेका, एवढाच आहे. इंग्रजांच्या 'पब्लिक हाऊस' ह्या नावात निदान घर आहे आणि लोक आहेत. आमच्या नावात घरही नाही व लोकही नाहीत. आहे तो केवळ सरकारशी केलेला करार. हा फरक नुसता कोशातला नव्हे, हे पाहावयाचे असल्यास मावळाइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही, कारण तेथे हमरस्ता, लोहमार्ग आणि मजूर ही तिन्ही एका घाटात एकत्र आली.

घाटाची वाट जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले स्तंभ आजही उभे आहेत; आणि त्याच काळाच्या सुमारास इटलीतील मद्य भडोच बंदरी उतरत असे, अशी 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथाची साक्ष आहे. परंतु वाटसरूंची सोय करणे म्हणजे त्यांस मद्य पाजणे, अशी कल्पना आमच्या पुण्यशील माणसांच्या मनात कधी रुजली नाही. नाना फडणविसांनी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस तलाव बांधला व शेजारी महादेवाचे देऊळ उभारले. तलाव, धर्मशाळा आणि पाणपोई हाच आमचा पांथस्थधर्म. अन्न शिदोरीतले, पाणी धर्माचे. पिणारे तेव्हाही होतेच. पण ते गावकुसाकडे, झाडाखाली, जातीच्या माणसांत पीत. त्यामुळे भिन्न थरांतील माणसे एका बाकावर बसून जेवतील व पितील, असे स्थळ आपल्याकडे निर्माणच झाले नाही. ह्यात आमच्या संयमाचा वाटा किती आणि पंक्तिभेदाचा किती, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे!

बोरघाटाची गाडीसडक सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत १८३० च्या नोव्हेंबरात खुली झाली. योगायोग असा की, त्याच साली विलायतेत बीअरविषयीचा कायदा होऊन, कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थास दोन गिनी देऊन आपल्या घरी बीअर विकण्याची मुभा मिळाली. फी ठरलेली आणि थोडी. विक्री कमी झाली तरी दुकानदार बुडत नसे; गिऱ्हाईक तासभर गप्पा मारीत बसले तरी त्याचे बिघडत नसे. आमच्याकडे कंपनी सरकारने दारूविक्रीचा हक्क लिलावात काढून मक्त्याने देण्याची रीत चालविली. जो जास्त बोली बोलेल त्याचा गुत्ता. मग ती बोलीची रक्कम वर्षाच्या आत कोणाच्या तरी घशातूनच वसूल करावी लागे. बसण्यास बाक कशास हवा? माणसाने यावे, प्यावे, पैसा टाकावा आणि पुढच्यास जागा द्यावी. गुत्त्यास जे ओंगळ रूप आले, त्याचा दोष पिणाराच्या स्वभावावर टाकण्याची आपणांस सवय आहे. मला तो अधिक लिलावाच्या पद्धतीत दिसतो.

पुढे लोहमार्ग आला. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ साली सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंस पाच वर्षे पालखीने अथवा पायी ओलांडावा लागे. घाटातील काम १८५६ पासून १८६३ पर्यंत चालले. सुमारे सोळा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. आणि १८६१ च्या आरंभी कामावर असलेली माणसे बेचाळीस हजारांहून अधिक! पटकीने किती मेली त्याची गणतीच कठीण. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून मजुरांनी गोऱ्या मुकादमांवर हल्ला केला आणि सरकारास चौकशी करावी लागली. घरदार सोडून आलेला, गाव व पंचायत ह्यांच्या नजरेबाहेर गेलेला, रोख मजुरी घेणारा हा मनुष्य मावळात नवीन होता. बोली बोलणाऱ्या मक्तेदारास ह्याहून चांगले गिऱ्हाईक कोठले मिळणार? १९११ साली लोणावळ्यास टाटांच्या विजेच्या कामाची कोनशिला बसली, तेव्हा धरणांच्या बांधावर पुन्हा तसाच मजूर आला.

१८७८ च्या आबकारी कायद्याने फास आणखी आवळला. दारू गाळणे सरकारी देखरेखीखालच्या कारखान्यांत गेले, ताडामाडांवरील कर वाढला. १८९२ साली तर घाटाखालच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आला. रानातले फूल वेचणे हा गुन्हा ठरला, आणि तेच फूल भट्टीतून उतरून गुत्त्यात विकणे हा महसूल!

महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. दोघांचे मार्ग निराळे, पण बोट एकाच जागी. तथापि सुशिक्षितांची अडचण पुढेच होती. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षण आणि आबकारी ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, आणि गुत्त्याचे उत्पन्न बुडाले तर शाळा कशावर चालवाव्या, हा प्रश्न उभा राहिला. घाटातल्या हमालाच्या पेल्यावर आपल्या मुलांच्या इयत्ता चालतात, हे मान्य करणे मध्यमवर्गास जड गेले.

मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी व सबंध राज्यात ६ एप्रिल १९५० रोजी बंदी आली. गुत्ता गेला, हातभट्टी रानात शिरली. पुढे देशी मद्याचे नियम १९७३ साली झाले आणि दुकान परत आले. बाक मात्र आला नाही. अन्न अजूनही दाराबाहेरचेच. रस्त्याच्या कडेला कोणी चणे, भजी, उकडलेली अंडी घेऊन बसते आणि पिणारा ती उभ्या उभ्या खातो.