धाम नदीच्या पलीकडे

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा चर्चाच अधिक झाली. विषय एकच : आईला कधी न्यावे. वय वर्षे ८१. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात ती एकटी राहते. श्रावणात अंगणातल्या शेवाळावर तिचा पाय घसरला आणि दूधवाला येईपर्यंत ती तासभर तशीच पडून होती. मी पुण्याला, धाकटा भाऊ नागपूरला. दोघांच्याही घरांना जिने, आणि दिवसभर दाराला कुलूप. भावाने नागपुरातले एक वृद्धनिवास पाहून ठेवले होते. जागा रिकामी होती, पैसे पाडव्यापर्यंत भरायचे होते. आई चकल्या तळता तळता सारे ऐकत होती. शेवटी झारा खाली ठेवून म्हणाली, “मले कवा न्याचं ते तुमी ठरवून रायले. मले कवा जाचं हाय, हे कोनं इचारलं काय?”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण हा प्रश्न इतिहासाला विचारावा, हे तोवर मला सुचले नव्हते.

म्हातारपणी घर सोडणे आपल्याला नवे नाही. वानप्रस्थ होता, काशीवास होता. सगळे वृद्ध आनंदाने जात असतील असे मी म्हणणार नाही. परंतु निदान कल्पना अशी की, निघायची वेळ जाणाऱ्याने ठरवायची. वृद्धाश्रम मात्र वेगळ्या वाटेने आला. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात १८६३ साली उभी राहिलेली, आज ‘निवारा’ म्हणून ओळखली जाणारी संस्था निराधारांसाठी होती. ज्याला कोणी नाही त्याने तेथे जावे. या शब्दाबरोबर आजही जी लाज येते तिचे मूळ मला येथे दिसते. मुले असलेला माणूस तेथे गेला, की गाव मुलांकडे पाहते. पुढे २००७ साली कायदा झाला. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आली आणि दाद मागायला न्यायाधिकरण मिळाले. पैसे कोणी द्यायचे ते कायदा सांगतो. केव्हा जायचे, ते कसे सांगणार?

आमच्या जिल्ह्यात मात्र या ‘केव्हा’ची फार चांगली उदाहरणे आहेत. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला आले तेव्हा ६६ वर्षांचे होते. एकटे राहण्याचा त्यांचा विचार होता. तो काही तडीस गेला नाही. आजारी आणि अडलेली माणसे येत गेली आणि सेवाग्राम भरत गेले. त्यांत परचुरेशास्त्री होते, संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले सोबती, अंगावर महारोग. इतर आश्रमवासीयांचे काय, या विचाराने गांधीजीही आधी अडखळले. मग आपल्या कुटीजवळच त्यांनी शास्त्रीबोवांना जागा दिली आणि स्वतः त्यांचे अंग चोळू लागले. तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की शास्त्रीबोवा तेथे नुसते रोगी नव्हते. त्यांच्या विद्येची तेथे चाड होती.

दुसरे उदाहरण पवनारचे. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जा, असा आग्रह झाला. ते गेले ते धाम नदी ओलांडून पवनारच्या टेकडीवर, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. विश्रांती म्हणून हाती काय घेतले, तर कुदळ! खणता खणता वजन वाढले. पुढे भूदानासाठी देशभर पायी हिंडून झाले आणि ऑक्टोबर १९७० मध्ये, ७५ वर्षे पुरी झाल्यावर, आता येथेच राहायचे असे त्यांनी स्वतः जाहीर केले. १९५९ साली स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनी भोवती होत्या. ऐन तारुण्यात तेथे आलेल्या त्या मुली पुढे तेथेच म्हाताऱ्या झाल्या.

थोरांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. विनोबांना मागे घर नव्हते, आईला आहे. शिवाय स्मृती गेल्यावर कोण काय ठरवणार? म्हणून तर विचारायचे ते आधी, पाय घसरायच्याही आधी. आम्ही श्रावणानंतर विचारायला बसलो, तेही आपसांत.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आईला पवनारला नेले. भरतभेटीच्या मूर्तीपुढे ती बराच वेळ बसली. ही मूर्ती विनोबांना खणतानाच सापडली, हे मी तिला सांगितले. मग ती एका वृद्ध भगिनीशेजारी जाऊन भाजी निवडू लागली. दोघी काय बोलल्या, कळले नाही.

परतताना तिने आपल्या अटी सांगितल्या. तूर घरात आल्यावर नागपूरची जागा बघायला येईन. आधी महिनाभर राहून पाहीन. खोली खालची हवी, दारापुढे चार झाडे लावण्याइतकी माती हवी. घराची किल्ली माझ्याजवळ राहील. तोवर शेजारची नात रात्री सोबतीला झोपेल; तिच्या आजीशी बोलणे आधीच झाले होते म्हणे!

पाडवा उलटून गेल्यामुळे ती रिकामी जागा हातची गेली. भाऊ थोडा रागावला. माघात तूर निघाली तेव्हा आईनेच त्याला फोन केला, “गाडी घेऊन ये, आन दोन कुंड्याही आन.”