बगरूतची पायरी आणि घरची मिळकत

"आपल्या मुलांना डोके आहे, पण अभ्यासाची गोडी नाही," असे आपल्या समाजात सहज बोलले जाते. दिमोना, येरुहाम, बेर्शेवा येथे वाढलेल्या मुलांविषयी असे बोलण्यापूर्वी थोडा इतिहास पाहिलेला बरा.

1949 च्या कायद्याने 5 ते 13 वर्षांच्या मुलांचे शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. हायस्कूल त्यात नव्हते. तेथे फी पडे, आणि पुढे ती घरच्या मिळकतीप्रमाणे कमीजास्त आकारली जाऊ लागली. आठवीच्या 'सेकर' परीक्षेतील गुणांवर सवलत ठरे. आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांच्या मुलांसाठी गुणांची मर्यादा खाली ठेवली होती. आपली गणना त्यांतच. 1978 साली हायस्कूलची फी माफ झाली.

पण फी हा खर्चाचा लहान भाग. मुंबईत मॅट्रिक झालेला बाप मुलाला रात्री गणित समजावू शकत असे. इकडे तोच बाप गिरणीत पाळी करून आला, तरी हिब्रूतील निबंध त्याला तपासता येईना. ज्याच्या हाती पैसा त्याने शिकवणी लावली. इतरांची मुले धंदेशिक्षणाच्या वर्गांत गेली. त्यांतील पुष्कळ वर्गांतून पूर्ण बगरूत मिळतच नसे, हे आईबापांना फार उशिरा कळले. इंग्रजीत मात्र आपली घरे मागे नव्हती. तेवढी एक शिकवणी फुकट!

बगरूत हाती आली तरी गणित-इंग्रजी वरच्या पातळीचे लागते. 1980 नंतरच्या दशकात सिकोमेट्री परीक्षा आली आणि तिच्या खाजगी वर्गांचा खर्च वाढला.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 साली मुंबईत इस्रायली शाळा काढली, तेव्हाही प्रश्न मिळकतीचाच होता. कोकणातून आलेल्या कुटुंबांना खर्च झेपणारा नव्हता. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने शाळेला मदत दिली. पुढे सर एली कदूरींच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. तेथे समाजाने स्वतःची शाळा उभी केली. इकडे शाळा सरकारची, म्हणून आपण निश्चिंत राहिलो, असे मला वाटते.

विद्यापीठांच्या 'मेखिना' वर्गांनी थोडी भरपाई केली. लष्करातून सुटल्यावर वर्षभर बसून राहिलेले विषय पुरे करता येतात, आणि सुटलेल्या सैनिकांना फीसाठी साहाय्यही मिळते. 1969 साली बेर्शेव्यात विद्यापीठ निघाल्यापासून नेगेवमधील मुलांना उच्च शिक्षणासाठी दूर जाऊन राहण्याचा खर्चही टाळता येतो.