उरुळी कांचनचा एक आठवडा : माती, पाणी, ऊन आणि विज्ञान

१/ पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी लोणी सोडून पुढे गेली की उरुळी कांचनचे स्थानक लागते. तालुका हवेली, पण येथून पुढे थोड्याच अंतरावर दौंड तालुक्याची हद्द सुरू होते आणि उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर. शिरूर-दौंडचा हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. मार्च १९४६ मध्ये या लहानशा गावात एक शहात्तर वर्षांचा गृहस्थ रोगी तपासायला बसला होता. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. आजचा धागा त्या एका आठवड्याविषयी आणि त्यातून उरलेल्या एका अवघड प्रश्नाविषयी.

२/ आधी काळ ध्यानात घेऊ. याच मार्च महिन्यात ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ, म्हणजे ‘कॅबिनेट मिशन’, सत्तांतराची बोलणी करण्यासाठी दिल्लीत उतरले होते. साऱ्या देशाचे डोळे दिल्लीकडे लागलेले. गांधीजी मात्र २२ मार्चला उरुळीत आले आणि दुसऱ्या दिवसापासून गावकऱ्यांच्या पोटदुखीची, तापाची, त्वचारोगांची चौकशी करू लागले. महिनाअखेरीस त्यांना दिल्लीला जावे लागले. पण तोवर उरुळीच्या निसर्गोपचार केंद्राचा पाया घातला गेला होता.

३/ उरुळीच का? मूळ बेत पुणे शहरातला होता. डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र पुण्यात चालत असे आणि गांधीजी तेथे राहत. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तेथे एका अखिल भारतीय न्यासाचा दस्तऐवजही झाला. पुढे गांधीजींनाच वाटले की शहरातले केंद्र गरिबाच्या उपयोगाचे नाही; खेड्यातला माणूस पुण्याला येऊन राहील कसा? आपली चूक त्यांनी जाहीरपणे कबूल केली आणि खेडे शोधले. उरुळीला रेल्वे होती, पाणी आणि हवा चांगली होती.

४/ उपचार काय होते? औषधाची बाटली नाही, सुई नाही. उघड्या अंगावर कोवळे ऊन घेणे, थंड पाण्यात कटिस्नान व घर्षणस्नान, दूध, ताक, फळांचा रस, भरपूर पाणी आणि रामनाम. रोग निरनिराळे असले तरी उपचार बहुधा हाच. याखेरीज गाव झाडणे, मैल्याची विल्हेवाट लावणे आणि विहिरी स्वच्छ राखणे हेही निसर्गोपचारकाचेच काम, असा त्यांचा आग्रह होता.

५/ ही पद्धत आली कोठून? पुष्कळांना वाटते की प्राचीन भारतातून. प्रत्यक्षात तिची दोन मोठी मुळे जर्मनीत आहेत. लायप्झिग शहरात लुई कूने या, पेशाने डॉक्टर नसलेल्या गृहस्थाने १८८३ मध्ये जलोपचाराचे केंद्र उघडले. कटिस्नान व घर्षणस्नान ही त्याची देणगी. पोटावर ओल्या मातीचा लेप देण्याचा विचार आडोल्फ युस्ट याच्या पुस्तकातून आला. गांधीजींनी हे दोघेही दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि स्वतःवर, घरच्यांवर प्रयोग केले.

६/ येथे पहिली अडचण उभी राहते. कूनेचा सिद्धान्त असा की सर्व रोग मुळात एकच. शरीरात साचलेले ‘विजातीय द्रव्य’ हेच त्याचे कारण. हा सिद्धान्त चूक होता आणि तो चूक असल्याचा पुरावा त्याच काळी, त्याच देशात पुढे येत होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. निरनिराळ्या रोगांना निरनिराळे जंतू कारण असतात, हे त्यानंतर एकामागून एक सिद्ध होत गेले.

७/ मग चुकीच्या सिद्धान्तातून बरोबर सवय निघू शकते काय? निघू शकते. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे त्याचे ठळक उदाहरण. पटकी केवळ जंतूने होते हे त्यांना मान्य नव्हते; दूषित जमीन हेच खरे कारण, असे ते म्हणत. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांनी पटकीचे जंतू असलेले द्रावण सर्वांदेखत पिऊन टाकले. जुलाबावर निभावले. त्यांचे मत चुकीचे ठरले. पण त्याच मतापायी त्यांनी म्युनिकमध्ये गटारे आणि डोंगरातले शुद्ध पाणी यांचा आग्रह धरला होता आणि त्यामुळे शहर निरोगी झाले. कारण चुकले, काम बरोबर झाले.

८/ उरुळीचे उपचार याच कसोटीवर घासून पाहू. प्रथम ऊन. गांधीजींच्या दृष्टीने सूर्य हे पंचमहाभूतांतल्या तेजाचे रूप. विज्ञानाची वाट वेगळी होती. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस झालेली मुले बरी केली. त्वचेवर ऊन पडले की शरीर ‘ड’ जीवनसत्त्व बनवते आणि त्याने हाडे बळकट होतात, हे पुढे उलगडले. म्हणजे ऊन घ्या हा सल्ला खरा. मात्र ते ठरावीक विकारांवर, ठरावीक कारणाने गुणकारी आहे, सर्व रोगांवर नव्हे.

९/ दुसरे उदाहरण तंबाखूचे. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, १९४२ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, गांधीजींनी ‘आरोग्यनी चावी’ ही गुजराती पुस्तिका लिहिली. हवा, पाणी, आहार, मसाले, चहा-कॉफी, मादक पदार्थ अशी तिची प्रकरणे. तंबाखूचा त्यांनी तीत कडक निषेध केला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९५० मध्ये, रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची पद्धतशीर तुलना करून धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. निष्कर्ष एकाच दिशेचा, पण मोजमाप करून मिळालेला. म्हणूनच तो जगाला मान्य करावा लागला.

१०/ आता अवघड भाग. कसोटी दोन्ही बाजूंनी लावली पाहिजे. देवीच्या लशीला गांधीजींचा दीर्घकाळ विरोध होता. १९३० च्या आरंभी साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. गांधीजी हेलावले, पण आपले मत त्यांनी सोडले नाही. या बाबतीत इतिहासाचा निकाल स्पष्ट आहे. लस आणि घरोघरचा शोध यांच्या जोरावर १९७५ नंतर भारतात देवीचा एकही रोगी उरला नाही. ते काम कटिस्नानाने झाले नसते.

११/ दुसरा प्रसंग पुण्यातलाच. फेब्रुवारी १९४४, आगाखान पॅलेस. कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. धाकटे पुत्र देवदास यांनी त्या काळी अतिशय दुर्मीळ असलेले पेनिसिलिन विमानाने मागवले. ठरावीक तासांनी सुया टोचाव्या लागतील हे कळल्यावर गांधीजींनी देवदासांना परावृत्त केले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्यांचे हृदय आधीच थकलेले होते. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या असे कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. तरीही हा प्रसंग वाचताना मन अस्वस्थ होते आणि ते व्हावेही.

१२/ याच्या उलट बाजूही याच शहरात घडली. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर कठोर टीका करणारे गांधीजी १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेच्या मेजावर होते. येरवड्याच्या कैदेत त्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला होता. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली; मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. पुढे १९४४ च्या एप्रिलमध्ये हिवतापाने घेरले, तेव्हा आधी नाकारलेले क्विनीनही त्यांनी अखेर घेतले. माणूस आपल्या मतांपेक्षा मोठा आणि गुंतागुंतीचा असतो, तो असा.

१३/ पुन्हा उरुळीकडे. गांधीजी दिल्लीला गेले, मग नोआखालीला. गावात मागे राहिले मणिभाई देसाई. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी २७ एप्रिल १९२० रोजी जन्मलेला हा तरुण ‘चले जाव’ चळवळीतून गांधीजींकडे आला होता. उरुळीलाच आयुष्य वाहीन, असा शब्द त्याने दिला आणि तो अक्षरशः पाळला. आश्रमाच्या कामात विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांचीही साथ लाभली.

१४/ मणिभाईंपुढचा प्रश्न फार साधा होता. रोग्याला ‘दूध आणि फळे घ्या’ असे सांगणे सोपे. पण ज्याच्या घरी दूधच नाही त्याने काय करावे? आपल्या दुष्काळी पट्ट्यातली खिल्लार गाय दिसायला देखणी, तिचा बैल ओढकामाला उत्तम. दूध मात्र जेमतेम. म्हणजे कुपोषणाचे औषध दवाखान्यात नव्हे, गोठ्यात शोधायला हवे होते. मणिभाईंनी गीर गाईंची गोशाळा उभी केली. उरुळीच्या शिवारात द्राक्षांची लागवड करून दाखवली, मुलांसाठी शाळा काढली.

१५/ आणि मग निसर्गोपचाराच्या गावात आधुनिक विज्ञान शिरले. १९४९ मध्ये लंडनजवळ मिल हिल येथील प्रयोगशाळेत ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांना आढळले की ग्लिसरॉल मिसळले तर शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात. या शोधामुळे एका उत्तम वळूचे रेत उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवून दूरदूरच्या खेड्यांत नेता येऊ लागले. मणिभाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. गोठवलेले रेत, शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतन आणि जास्त दूध देणारी संकरित कालवड हा तिच्या कामाचा गाभा ठरला.

१६/ हा मार्गही निर्दोष नव्हता. संकरित गाय जास्त चारा-पाणी मागते, उन्हाने लवकर बेजार होते आणि तिच्यामुळे देशी वाण मागे पडले, हे आक्षेप आजही घेतले जातात. त्यांत तथ्य आहे. पण घरात रोजचे दूध आणि त्याबरोबर रोजचा पैसा आला, हेही तितकेच खरे. १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी ते निवर्तले. उरुळीचा निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे.

१७/ मग या इतिहासातून आपण काय घ्यावे? जे मोजून, तपासून टिकले ते निःशंकपणे घ्यावे : शंका असेल तर उकळून प्यायलेले पाणी, सकाळचे थोडे ऊन, रोजचे चालणे, साधा आणि बेताच्या मिठाचा आहार, पुरेशी झोप, तंबाखूपासून चार हात दूर राहणे, स्वच्छ शौचालय. यांपैकी बहुतेकांना फार पैसा लागत नाही. हाच तर उरुळीचा मूळ आग्रह होता. मनाच्या शांतीसाठी कोणी नामस्मरण करावे, कोणी नदीकाठी बसावे. त्यात वाद नाही.

१८/ पण लस चुकवू नये, क्षयाचा औषधोपचार अर्धवट सोडू नये आणि ताप उतरत नसेल तर मातीच्या लेपावर विसंबून राहू नये. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असे नव्हे. देवीचा विषाणूही नैसर्गिकच होता. एखादा सल्ला कोणी दिला यापेक्षा तो पडताळून पाहिल्यावर टिकला की नाही, हे विचारावे. सल्ला देणारा महात्मा असला, तरी हा प्रश्न विचारण्याने त्याचा अवमान होत नाही. स्वतःच्या जीवनाला ‘सत्याचे प्रयोग’ म्हणणाऱ्या माणसाचा तर मुळीच नाही.

१९/ शिरूर-दौंडच्या मित्रहो, आपल्या भागात पहाटे दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडे निघालेल्या मोटारसायकली आपण रोज पाहतो. उरुळीत उपचार म्हणून सांगितलेले दूध आणि त्या सल्ल्यापाठोपाठ गोठ्यात शिरलेले विज्ञान, या दोहोंचा धागा त्या कॅनपर्यंत पोचतो. पुढच्या वेळी दौंडच्या गाडीने जाताना उरुळीच्या फलाटाकडे क्षणभर पाहा. एका आठवड्याच्या मुक्कामाने गाव बदलले नाही. तिथे मागे राहून सत्तेचाळीस वर्षे काम करणाऱ्या माणसाने ते बदलले.

(धागा समाप्त)