क्रॉस कनेक्शन (पाणीपुरवठा)

क्रॉस कनेक्शन म्हणजे पिण्याच्या पाण्याची नलिका आणि पिण्यास अयोग्य पाणी किंवा अन्य द्रव असलेली नलिका, टाकी अथवा उपकरण यांच्यात असलेला किंवा सहज घडू शकणारा जोड. असा जोड असेल, तर नळातील दाब बदलताच दूषित पाणी उलट दिशेने वाहून पिण्याच्या पाण्यात शिरू शकते. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही काळजीपूर्वक शुद्ध केले, तरी वाटेतील एका चुकीच्या जोडामुळे तो सारा प्रयत्न निष्फळ ठरतो. पाणीटंचाईमुळे पर्यायी पाण्याचा वापर वाढत असून एकाच इमारतीत दोन प्रकारच्या पाण्याच्या नलिका असणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यामुळे या विषयाचे महत्त्व वाढले आहे.

पर्यायी पाणी आणि दुहेरी नळव्यवस्था

विंधन विहिरीचे पाणी, साठवलेले पावसाचे पाणी, स्नानगृहातील वापरलेले पाणी, प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि समुद्राचे पाणी हे पर्यायी पाण्याचे प्रमुख प्रकार होत. शौचालयातील फ्लश, बागकाम, वाहने धुणे, वातानुकूलन यंत्रणा व कारखाने यांसाठी ते वापरले जाते. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून फ्लशसाठी समुद्राचे पाणी स्वतंत्र नलिकांतून पुरवले जाते. सिडनीच्या राउझ हिल भागात घरोघरी दोन वेगळ्या नलिका असून पुनर्वापराच्या पाण्याचे नळ जांभळ्या रंगाचे असतात. नागपूरमधील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडी येथील औष्णिक विद्युत केंद्राला दिले जाते.

अशा योजनांमुळे पिण्याच्या पाण्याची मोठी बचत होते. मात्र दोन्ही नलिकांमधील पाणी दिसायला सारखेच असल्याने दुरुस्ती करताना किंवा नवा नळ बसवताना चुकीची नलिका जोडली जाण्याची शक्यता नेहमी असते.

उलट प्रवाहाची कारणे

केवळ जोड असल्याने पाणी दूषित होत नाही. त्यासाठी प्रवाह उलटावा लागतो. हे दोन प्रकारे घडते.

उलट शोषण: मुख्य जलवाहिनी फुटली, अग्निशमनासाठी एकाएकी मोठ्या प्रमाणात पाणी ओढले गेले किंवा पुरवठा बंद झाला, की नलिकेतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. अशा वेळी नलिका तिच्या उघड्या तोंडाशी असलेले पाणी आत ओढून घेते. फिनेलच्या बादलीत बुडालेली रबरी नळी, शौचालयात खाली लोंबणारा जेट स्प्रे किंवा कीटकनाशकाच्या पिंपात सोडलेली बागेची नळी यांतून नेमके हेच घडू शकते.

उलट दाब: पर्यायी पाण्याचा दाब पिण्याच्या पाण्याच्या दाबापेक्षा अधिक झाला, तर ते पाणी पिण्याच्या नलिकेत ढकलले जाते. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम दाब निर्माण करतो. समजा, विंधन विहिरीच्या पाण्याने भरलेली टाकी १५ मीटर उंचीवर आहे आणि रस्त्यावरील जलवाहिनीत ७ मीटर उंचीइतकाच दाब आहे. या दोन नलिकांना जोडणारा व्हॉल्व्ह किंचित जरी गळका असला, तरी टाकीतील पाणी सार्वजनिक जलवाहिनीत उतरू लागते. पंप आणि बॉयलर यांमुळेही असाच दाब निर्माण होतो.

आरोग्यावरील परिणाम

सांडपाणी मिसळल्यास पटकी, विषमज्वर, आमांश, अतिसार तसेच हेपॅटायटिस-ए व हेपॅटायटिस-ई या विषाणूंमुळे होणारी कावीळ असे रोग पसरतात. कारखाने, रुग्णालये व शेतीशी संबंधित जोडांमधून रसायनेही पाण्यात येऊ शकतात. पाणी गढूळ दिसले नाही किंवा त्याला वास आला नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. शिवाय काही रोगांची लक्षणे बाधा झाल्यानंतर कित्येक आठवड्यांनी दिसतात. तोपर्यंत नळातील दाब पूर्ववत झालेला असल्याने मूळ कारण शोधणे कठीण जाते.

उल्लेखनीय घटना

शिकागो, १९३३: जागतिक प्रदर्शनाच्या काळात शेजारच्या दोन हॉटेलांमध्ये पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून अमीबाजन्य आमांशाची साथ पसरली. सदोष नळकाम हे तिचे प्रमुख कारण होते. १,००० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ९८ जणांचा मृत्यू झाला. अनेक पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडल्याने साथीचा उगम लक्षात येण्यास विलंब झाला. या घटनेनंतर अमेरिकेत इमारतींमधील नळकामाच्या नियमांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

वूस्टर, १९६९: अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील बहुतेक खेळाडूंना हेपॅटायटिस-ए विषाणूची बाधा झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाचा त्या वर्षीचा हंगाम रद्द करावा लागला. जवळपास लागलेली आग विझवताना जलवाहिनीतील दाब घटला होता. त्यामुळे मैदानाला पाणी देणाऱ्या नलिकेच्या जमिनीखालील खड्ड्यात साचलेले दूषित पाणी आत ओढले गेले आणि खेळाडूंनी ते प्यायले.

उट्रेख्त, २००१: नेदरलँड्समधील लाइडशे राइन या नव्या वसाहतीत फ्लश, कपडे धुणे आणि बागकाम यांसाठी अंशतः शुद्ध केलेले पाणी वेगळ्या नलिकांतून दिले जात असे. देखभालीच्या कामात हे जाळे पिण्याच्या पाण्याच्या जाळ्याशी जोडले गेले आणि रहिवाशांमध्ये पोटाचे विकार पसरले. या अनुभवानंतर २००३ मध्ये डच शासनाने घरगुती वापरासाठीच्या अशा मोठ्या दुहेरी योजनांना प्रतिबंध केला.

नोकिया, २००७: फिनलंडमधील या शहरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील एका जोडावरचा व्हॉल्व्ह देखभालीच्या वेळी उघडला गेला. त्यातून सुमारे ४५० घनमीटर प्रक्रिया केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. ८,००० हून अधिक रहिवासी आजारी पडल्याचा अंदाज आहे.

या घटनांपैकी शेवटच्या दोन विशेष बोलक्या आहेत. दोन्ही ठिकाणी आधुनिक यंत्रणा आणि प्रशिक्षित कर्मचारी होते, तरीही देखभालीच्या कामातूनच संकट उद्भवले.

प्रतिबंधक उपाय

हवेचे अंतर: पाण्याच्या नलिकेचे तोंड आणि टाकीतील पाण्याची कमाल पातळी यांच्यात मोकळी जागा ठेवणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत विश्वसनीय उपाय आहे. हवेतून पाणी उलटे ओढले जाऊ शकत नाही. अमेरिकी मानकांनुसार हे अंतर नलिकेच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर असावे लागते.

झडपा: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो, परंतु कचरा किंवा क्षार अडकल्यास तो पूर्ण बंद होत नाही. म्हणून धोका मोठा असेल तेथे केवळ त्यावर विसंबून राहता येत नाही. अधिक सुरक्षित उपकरणात अशा दोन झडपा आणि त्यांच्यामध्ये एक निचरा झडप असते. झडपांत बिघाड झाल्यास पाणी मागे न जाता निचरा झडपेतून बाहेर पडते. या उपकरणांची नियमित तपासणी आवश्यक असते.

रंग आणि खुणा: पुनर्वापराच्या पाण्याच्या नलिकांसाठी जांभळा रंग वापरण्याची पद्धत अमेरिकेत सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियातही रुजली. नलिकांवर ठरावीक अंतराने आणि प्रत्येक नळाजवळ ‘हे पाणी पिण्यायोग्य नाही’ असे स्थानिक भाषेत लिहिणे उपयुक्त ठरते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्ररूप खूण असावी.

चाचणी: इमारत वापरात येण्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या दुरुस्तीनंतर एक यंत्रणा पूर्ण बंद करून तिच्यातील पाणी काढून टाकले जाते. मग तिचे सर्व नळ उघडले जातात. दुसऱ्या यंत्रणेत दाब असताना या नळांतून पाणी वाहत राहिले, तर कोठेतरी जोड आहे हे सिद्ध होते. हीच कृती यंत्रणांची अदलाबदल करून पुन्हा केली जाते. नलिकांचा अद्ययावत नकाशा जपून ठेवणे हाही या व्यवस्थेचाच भाग आहे.

भारतातील परिस्थिती

भारतातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. पुरवठा थांबल्यावर नलिका रिकाम्या होतात आणि त्यांच्यातील दाब नाहीसा होतो. त्यामुळे गटाराशेजारून जाणाऱ्या गळक्या नलिकांत आजूबाजूचे घाण पाणी शिरते. नळाला थेट मोटार जोडून पाणी खेचल्यास हा धोका आणखी वाढतो आणि त्याची झळ मोटार लावणाऱ्याबरोबर शेजाऱ्यांनाही बसते.

अनेक गृहनिर्माण संस्थांमध्ये नगरपालिकेचे, विंधन विहिरीचे आणि टँकरचे पाणी एकाच भूमिगत टाकीत सोडले जाते. एकदा मिसळलेले पाणी वेगळे करता येत नाही. म्हणून पिण्याच्या व अन्य वापराच्या पाण्यासाठी स्वतंत्र टाक्या, स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र नलिका असणे आवश्यक आहे. टाकीची पद्धत मात्र मुळात उपकारक आहे. नगरपालिकेच्या नलिकेचे तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पातळीहून वर असेल, तर तेथे आपोआप हवेचे अंतर राखले जाते आणि इमारतीतील पाणी सार्वजनिक जलवाहिनीत परत जाऊ शकत नाही. इमारतींमधील नळव्यवस्थेबाबतच्या तरतुदी भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेच्या नवव्या भागात आहेत.

ओळख आणि तातडीची कृती

नळाच्या पाण्याची चव, रंग किंवा वास एकाएकी बदलणे, पाणी खारट लागणे, तसेच एकाच इमारतीत अनेकांना एकदम जुलाब किंवा कावीळ होणे ही संशयाची लक्षणे आहेत. नेहमी आढळणारा उर्वरित क्लोरीन अचानक नाहीसा होणे ही महत्त्वाची खूण मानली जाते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन असावा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जीवाणू आढळू नयेत. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींमध्ये केली जाणारी ओटी चाचणी याच क्लोरीनसाठी असते; द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन आहे असे समजते.

संशय येताच त्या नळाचे पाणी पिणे थांबवून पाणीपुरवठा विभागाला कळवावे लागते. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, परंतु त्यात मिसळलेली रसायने व क्षार नाहीसे होत नाहीत. सदोष जोड शोधून तो तोडणे, नलिका व टाक्या धुऊन क्लोरीनने निर्जंतुक करणे आणि प्रयोगशाळेतील तपासणीनंतरच पुरवठा पूर्ववत करणे, असा या कृतीचा क्रम असतो.