दिव्याच्या खाडीकाठचे बियाणे

दिवा, साबे, दातिवली, आगासन ही खाडीकाठची जुनी आगरी गावे. आज चाळी आणि इमारती दाटल्या आहेत त्या पट्ट्यात बांध घालून खाडीचे पाणी अडवलेली भातखाचरे होती. वर्षाला सुमारे 2500 मिलिमीटर पाऊस आणि पावसाळ्यात 80 टक्क्यांवर जाणारी आर्द्रता, अशा हवेत बी जिवंत ठेवणे हे शेतीतले खरे कसब होते.

भाताच्या बियाण्याला ऋतूची साथ होती. कार्तिकात झोडलेले भात रोहिणी-मृगात पेरायचे; मधले महिने कोरडे. दाणा दाताखाली कटकन तुटेपर्यंत उन्हात वाळवायचा आणि शेणाने सारवलेल्या कणगीत भरायचा. कणगी दगडांवर ठेवत, म्हणजे जमिनीची ओल चढत नसे.

वालाचे तसे नव्हते. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर ठाणे-रायगड पट्ट्यात वाल घेतात. तो फाल्गुनाच्या सुमारास हाती येतो आणि पुढची पेरणी थेट भातकापणीनंतर. म्हणजे बियाण्याला अख्खा पावसाळा घरात काढावा लागतो. म्हणून वाल मडक्यात राखेत घोळवून ठेवत. बारीक राख दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि भुंगेऱ्याला फिरायला जागा उरत नाही. काकडीचे बी तर राख-शेणात कालवून भिंतीला थापत. चुलीची ऊब आणि धूर त्याला कोरडे ठेवी.

या शहाणपणामागचे गणित बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी मांडले: बियाण्यातील ओलावा 1 टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान 5 अंशांनी कमी केले, की ढोबळमानाने त्याचे आयुष्य दुप्पट होते. प्रमाणित भात बियाण्यात ओलावा 13 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, हवाबंद पिशवीत 8 टक्क्यांपेक्षा. उगवण किमान 80 टक्के लागते.

खारजमिनीत ही परीक्षा दरवर्षी उघड्यावर होई. रहू पद्धतीत बी भिजवून, गोणीत दाबून मोड आणायचे आणि चिखलात फेकायचे. साठवण चुकली असेल तर ते गोणी उघडताच कळे.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे 18 अंशांवर वर्षानुवर्षे टिकते. कणगीतल्या भाताला ती सोय नाही. दमट हवेत दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याची उगवण झपाट्याने घटते, त्यामुळे खाचरे बुजली तिथले घरचे वाणही दोन-तीन वर्षांतच संपतात.