काळीज, कवटी आणि इरावतीबाई

मराठी भाषेनं भावनांना जागा दिली ती डोक्याबाहेर. माया पोटात, धडकी छातीत, आणि दुःखानं घरं पडतात ती काळजाला. उर्दूतलं 'जिगर' म्हणजे तर चक्क यकृत. आम्हा कवींचं त्यावर छान भागतं. शास्त्रज्ञांनी मात्र ही जागा कवटीत शोधली आणि त्या शोधाच्या इतिहासात एक मराठी बाई मोक्याच्या वेळी उभी आहे.

1848 साली अमेरिकेत व्हरमाँट इथं रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून लोखंडी कांब शिरली आणि टाळू फोडून बाहेर पडली. माणूस वाचला. बोलणं-चालणं शाबूत राहिलं; पण त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की तो शिवराळ, चंचल झाला, पूर्वीचा गेज राहिला नाही. कपाळामागचा मेंदू आणि माणसाची वागणूक यांचा संबंध असा उजेडात आला.

पुढे काहींनी कवट्याच मोजायला घेतल्या. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेतल्या ऑयगेन फिशर यांचा तर्क असा, की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते. उजवा कपाळखंड मोठा, म्हणून विवेकबुद्धी अधिक. इतरांच्या वाट्याला काय येतं, ते सांगायला नको! हे तपासायचं काम आलं इरावती कर्वे यांच्याकडे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, म्हणून नाव तिथल्या नदीचं. आणि आपल्या कोकणातल्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. त्या जर्मनीला गेल्या. त्यांनी 149 कवट्या मोजल्या. कवट्या वाकड्या-तिकड्या होत्या खऱ्या, पण त्याचा वंशाशी काही संबंध सापडेना. तसंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परका देश, परकी भाषा, वय पंचविशीच्या आतबाहेर, आणि सिद्धांत खुद्द मार्गदर्शकाचा! 1933 नंतर याच संस्थेनं नाझींच्या वंशधोरणाला दाखले पुरवले, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या मोजमापाचं वजन कळतं.

'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 1990 साली मांडली; डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकानं ती घरोघर नेली. आमच्या तळेरे नाक्यावर कोल्हापूरच्या एसटीत जागेवरून भांडण जुंपतं आणि कंडक्टर एका वाक्यात ते मिटवतो, तीच ही हुशारी. तिला शरीराचा आधार आहे, यात शंका नाही. मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला भीतीची वर्दी देतो, कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो. अंतोनियो दामासिओ यांनी 1994 मध्ये गेजची कहाणी पुन्हा उलगडून दाखवलं, की भावना बाजूला पडली तर निर्णयही बिघडतात.

पण हे जन्मजात किती? केंब्रिजच्या संशोधकांनी 2018 साली 46,000 हून अधिक लोकांची समानुभूती तपासली. माणसामाणसांतल्या फरकाचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांना जनुकांशी जोडता आला. स्त्रियांचे गुण पुरुषांपेक्षा जास्त आले. त्याचं कारणही त्या जनुकांत सापडलं नाही.