सहाव्या अध्यायापासून वारीच्या वाटेपर्यंत



आपल्या दिंडीची शंभर वर्षे पूर्ण होत असताना एक प्रश्न वारंवार कानावर येतो. आता २१ जूनला गावोगावच्या शाळांत योगदिन होतो, आणि त्याच दिवसांत घरोघरी वारीची तयारी चाललेली असते. तरणी पोरं विचारतात, "योग म्हणजे आसनं आणि प्राणायाम. मग आपल्या वारीत योग कुठं आहे?" काही जुनी मंडळी उत्तर देतात, "आपल्याला योग नको, नाम पुरे." उत्तर भावाचं आहे, पण इतिहासाला धरून नाही.

माउलींचं घराणंच मुळी योग्यांचं. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही गुरुपरंपरा ज्ञानोबांनी स्वतः ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगितली आहे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर चुकामूक झाली, निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत पोचले आणि तिथं त्यांच्यावर अनुग्रह झाला, असं परंपरा सांगते. तोच ठेवा त्यांनी धाकट्या भावाला दिला.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिचा सहावा अध्याय उघडून पाहा. मूळ गीतेत तिथं ४७ श्लोक आहेत. माउलींनी मात्र साधनेची जागा कशी निवडावी, आसन कसं घालावं, मूळबंध, उड्डियान आणि जालंधर हे बंध कसे लावावेत, कुंडलिनी जागी झाल्यावर देहात काय घडतं, हे सगळं विस्तारानं सांगितलं. या वाटेला त्यांनी पंथराज असं नाव दिलं. जे गुरू शिष्याला एकांतात सांगत, ते माउलींनी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. केवढं मोठं धाडस हे!

पण मेख पुढं आहे. एकांत, ठरावीक आहार आणि अखंड अभ्यास नांगर धरणाऱ्याला कसा जमावा? जात्यावर बसलेल्या बाईला कसा जमावा? म्हणून बाराव्या अध्यायात माउली ती वाट किती खडतर आहे ते सांगतात आणि भक्तीची वाट मोकळी करतात. नवव्या अध्यायात तर कीर्तनाच्या गजरात यम आणि दम यांना कामच उरत नाही, असं वर्णन आहे. यम हे अष्टांगयोगाचं पहिलं अंग, हे ध्यानात घ्या. योगाचं फळ तेच राहिलं. फक्त ते झाडाच्या शेंड्यावरून खाली, सगळ्यांच्या हाताला येईल अशा फांदीवर आलं.

चांगदेवांची कथा हेच सांगते. योगबळानं चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून आलेले चांगदेव. पण पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, म्हणून कोरा कागद धाडला. त्याला उत्तर म्हणून माउलींनी ६५ ओव्या लिहिल्या. तीच चांगदेव पासष्टी. पुढं लहानग्या मुक्ताबाईंना चांगदेवांनी गुरू केलं. सिद्धी होती, पण 'मी' गेला नव्हता. तो गेल्याशिवाय जोडणी पुरी होत नाही. आणि योग म्हणजे जोडणीच की!

आता आपली दिंडी बघा. आळंदीहून पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला दिंड्यांची शिस्त लावली. विणेकरी, टाळकरी, मृदंगी, तुळशीवाली, प्रत्येकाची जागा ठरलेली. पहाटे काकडा, वाटेत अभंग, संध्याकाळी हरिपाठ. पावलं टाळावर पडतात, हे शरीराचं झालं. अभंगाची ओढ घेताना श्वास आपोआप लांबतो आणि भटकणारं मन चालीला बांधलं जातं, हे मनाचं झालं. मग लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तिथं 'मी' गळतो, हे आत्म्याचं झालं. सावतोबांनी मळ्यात आणि जनाबाईंनी दळणकांडणात हेच साधलं.

तेव्हा पोरांनी सकाळी आसनं जरूर घालावीत. दिवेघाट चढायला मोकळे गुडघे आणि भरलेली छाती लागतेच. पण नुसती चाल झाली आणि नाम सुटलं, तर ती पायपीट. नाम राहिलं आणि शेजारच्या वारकऱ्यात माउली दिसली नाही, तर तेही अपुरंच.

पारायणात आपण सहावा अध्याय अवघड म्हणून भराभर वाचून पुढं जातो. दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना एवढं करू या. मुक्कामाच्या निरूपणात सहावा अध्याय नवव्याच्या जोडीनं घेऊ आणि तो पोरांना बसवून समजावून सांगू. म्हणजे योग आपल्याच घरचा आहे, हे त्यांना कळेल.

राम कृष्ण हरी.